पायोनिअर एसएक्स-४५० : चाळीसगावच्या माळ्यावरून आणलेला रिसीव्हर, दीड महिन्यानंतर

रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत असलेला हा रिसीव्हर साडेनऊ हजारांना घेतला. विकणारा म्हणाला होता, "एकदम चालू कंडिशन, फक्त पुसून घ्या." पुसायला तीन रविवार गेले. आणि पुसण्याआधीच प्लग लावला असता, तर हे लिहायला रिसीव्हर उरला नसता.

मी भुसावळचा. लोको शेडमध्ये इलेक्ट्रिकल सेक्शनला बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे कुठलंही जुनं मशीन हातात आलं की आधी पाठ बघायची, ही सवयच आहे. याच्या पाठीवरचा व्होल्टेज सिलेक्टर १२० वर होता. विकणाऱ्याच्या घरातल्या आजींनी निघताना सांगितलं होतं, "हाई पेटी मन्हा देरनी सौदीतीन आणी व्हती. बठ्ठी गल्ली ऐकाले ये." म्हणजे दिराने सौदीतून आणलेली, सगळी गल्ली ऐकायला यायची. तेव्हाच डोक्यात घंटा वाजली होती. सौदीत तेव्हा घरांना १२७ व्होल्टचा पुरवठा असायचा. इथे आणल्यावर आजींच्या दिरांनी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून वापरला असणार. ते गेले, ट्रान्सफॉर्मर कुठेतरी हरवला आणि रिसीव्हर माळ्यावर गेला. १२० च्या सेटिंगवर आपला २३० व्होल्ट दिला असता, तर आतला मेन ट्रान्सफॉर्मर जळून गेला असता, आणि तो आता नवा मिळत नाही. सिलेक्टर मी २४० वर ठेवला, कारण आमच्या गल्लीत रात्री उशिरा मीटर २४५ दाखवतो. आखातातून आलेलं कुठलंही जुनं यंत्र घेताना सगळ्यात आधी हे बघा. विकणाऱ्यालाही बहुतेक ठाऊक नसतं.

लाकडी रंगाचा कॅबिनेट काढला आणि आत पाहिलं, तर आत कापूस भरलेला. आजींचं घर कापसाच्या जिनिंगच्या मागच्या अंगाला आहे. इतक्या वर्षांत सरकीचा बारीक तंतू वरच्या जाळीतून आत उतरला, त्यावर काळ्या मातीची धूळ बसली, आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये अक्षरशः नमदा तयार झाला होता. चिमट्याने एक टोक धरून ओढलं, तर दोन पात्यांमधली पूर्ण पट्टी एकसंध बाहेर आली, गोधडीच्या अस्तरासारखी. ट्रान्सफॉर्मरच्या मागे पालीची तीन अंडी होती, वाळलेली. हीटसिंकचं काम हवेला उष्णता देणं. तिथे असा नमदा असताना मे महिन्यात हे यंत्र दोन तास चालवलं असतं तर स्पीकरला ताकद देणारे आउटपुट ट्रान्झिस्टर टिकले असते असं मला वाटत नाही. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो.

ब्लोअर लगेच मारू नका. आधी चिमटा आणि रंगकामाचा मऊ ब्रश, मग अंगणात नेऊन लांबून हवा. डायलची दोरी आणि ट्यूनिंग कपॅसिटरच्या पातळ पट्ट्या यांच्यावर थेट झोत नको. दोरी निसटली तर ती परत ओवण्यात अख्खी दुपार जाते. बोर्डावरचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघाला. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे ते सहज मिळतं. मात्र पुढच्या पॅनेलवरच्या अक्षरांना आणि डायलच्या आकड्यांना अल्कोहोल लावायचं नाही, छपाई उतरते. तिथे ओलसर सुती कापड पुरतं. नॉब ओढून काढले, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकून तासभर ठेवले आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने खाचा साफ केल्या. व्हॉल्यूमच्या मोठ्या नॉबच्या खाचांत पन्नास वर्षांच्या बोटांचा मळ होता. तो निघाल्यावर खालचं अॅल्युमिनियम असं काही उजळलं की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली.

आता वीज द्यायची वेळ. मी कुठलंही बंद पडलेलं यंत्र सरळ बोर्डात लावत नाही. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालून त्यातून वीज देतो. बल्ब क्षणभर भक्कन पेटून मंद झाला तर ठीक, कारण तेवढा वेळ आतले मोठे कपॅसिटर भरून घेतात. तसाच लख्ख पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. इथे एलईडी बल्ब चालत नाही, तारेचाच लागतो. माझ्याकडे शेडच्या दिवसांपासून चार जपून ठेवलेत. बल्ब पेटला, विझत विझत लालसर झाला, आणि डायलमागे उजेड आला. त्या क्षणी खरंच हात थरथरत होते.

स्पीकर अजून जोडला नव्हता. आधी स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर, डीसी मिलिव्होल्टवर, व्हॉल्यूम शून्य. पंधरा मिनिटं गरम झाल्यावर डावीकडे १८, उजवीकडे ३१. पन्नासच्या आत असेल तर मी स्पीकर जोडतो. या मालिकेत आउटपुट आणि स्पीकर यांच्यामध्ये कपॅसिटर नाही. त्यामुळे ट्रान्झिस्टर बिघडला तर डीसी थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये जातो. दोन मिनिटांचं मोजमाप आहे, पण ते न करता चांगले स्पीकर जाळलेले लोक मी पाहिलेत. पहिल्यांदा तरी कारमधले जुने, गेले तरी दुःख नाही असे स्पीकर लावावेत.

आणि मग उजवा चॅनल गायब झाला. दहा मिनिटं दोन्ही बाजू छान, मग उजवी बाजू खरखरली आणि बंद. जळगावातल्या एका दुकानात दाखवला. कारागिराने झाकणही न उघडता सांगितलं, आउटपुट सेक्शन गेला, अडीच हजार लागतील, पार्ट मिळाले तर. मी परत घेऊन आलो. मला पटेना, कारण डीसी स्थिर होता. आउटपुट गेला असता तर आकडा इतका शांत राहिला नसता. घरी शांत बसून विचार केला. आवाज आउटपुटपर्यंत पोचायच्या आधी टेप मॉनिटरच्या, म्हणजे टेपचा आवाज ऐकायचा की रेडिओचा हे ठरवणाऱ्या स्विचमधून जातो. माळ्यावर वर्षानुवर्षं तो एकाच बाजूला पडून होता. त्यातल्या चांदीच्या संपर्कांवर काळा थर चढणारच. स्विचच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी घालून दोन फवारे मारले, मोजून पन्नास वेळा आत-बाहेर केला, रात्रभर वाळू दिला. सकाळी लावला तर उजवा चॅनल होता तिथे हजर. दीड महिना झाला, परत गेला नाही. खर्च, क्लीनरच्या डब्यातले चार रुपये धरा. जुन्या रिसीव्हरचा एक चॅनल येत-जात असेल, तर ट्रान्झिस्टर बदलण्याआधी टेप मॉनिटर, स्पीकर सिलेक्टर आणि मोड हे तीन स्विच साफ करा. हे मला कळकळीने सांगायचंय, कारण चांगली यंत्रं याच एका कारणाने भंगारात जातात. व्हॉल्यूम, बास, ट्रेबल यांची खरखरही त्याच फवाऱ्याने गेली. मात्र गंज सोडवायचा तेलकट स्प्रे आत मारू नका, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो.

डायलचा एक दिवा मेलेला होता. काचेच्या फ्यूजच्या आकाराचे, ८ व्होल्टचे दिवे असतात हे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाच्याने पाठवले.

आता आवाज. याची ताकद प्रत्येक चॅनलला १५ वॅट, हे ऐकून कुणी नाक मुरडू नये. बारा बाय चौदाच्या खोलीत व्हॉल्यूमचा नॉब घड्याळातल्या दहाच्या जागेपुढे मी नेलेला नाही. माझ्या वडिलांच्या भजनी मंडळाची एक कॅसेट आहे, टू-इन-वनवर भरलेली. आजवर ती ऐकताना टाळ म्हणजे नुसता किणकिणाट वाटायचा. इथे टाळ वेगळा, पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा वेगळा, आणि अभंग सुरू व्हायच्या आधी कुणीतरी चटई सरकवतो तेही ऐकू आलं. माणसाचा आवाज हे यंत्र फार प्रेमाने धरतं. रात्री हळू ऐकताना लाउडनेसचं बटण दाबा, खालचे सूर परत येतात. शून्य व्हॉल्यूमला स्पीकरला कान लावला तरी घरघर नाही, म्हणून मोठे फिल्टर कपॅसिटर मी बदलले नाहीत.

एफएमसाठी पाठीमागे तारेचा डायपोल लावला, प्रत्येक बाजू ७५ सेंटिमीटर. जळगावची स्टेशनं इथे भुसावळात लाल स्टिरिओ दिव्यासकट येतात. मीडियम वेव्ह मात्र घरातले एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर बंद केल्याशिवाय ऐकवत नाही. जळगाव आकाशवाणीचा ९६३ किलोहर्ट्झ हा आकडा आमच्या पिढीला पाठ, म्हणून काटा पहिल्यांदा तिकडेच नेला. मित्राचा टर्नटेबलही जोडून पाहिला. त्याची अर्थिंगची बारीक तार पाठीवरच्या जीएनडी स्क्रूला लावली नाही तर भुणभुण येते, लावली की शांत.

कुणी घेऊ नये ते सांगतो. ज्यांना हॉलभर दणका हवा, रिमोट हवा, टीव्हीची वायर लावायची आहे, त्यांनी नको. दोन जोड्या स्पीकर एकत्र चालवायचे असतील तर प्रत्येक किमान आठ ओहमचा हवा. वर फुलदाणी, कापडी झालर काही ठेवू नका, जाळी मोकळी पाहिजे. मी भर दुपारी दोन तास चालवला. वरचा पत्रा गरम झाला, पण हात टेकवता येत होता.

न तपासलेल्या अशा यंत्राला मी आता सहा-सात हजारांच्या वर देणार नाही. माझे वरचे साडेसोळाशे रुपये दिवे, क्लीनर, अल्कोहोल आणि जाण्या-येण्यात गेले. तरी घेतल्याचं समाधान आहे. आजी म्हणाल्या होत्या, "सांभाळीसन वापरजो, भाऊ," आणि तेवढं नक्की होतंय.

एक काम राहिलंय. एफएमचा काटा खऱ्या आकड्यापेक्षा साधारण पाव मेगाहर्ट्झ पुढे दिसतो. आतल्या कॉइलच्या गाभ्यांना मी हात लावलेला नाही. सिग्नल जनरेटर असलेला माणूस सापडेपर्यंत ते तसंच राहू देणार आहे.