आधी आराखडा की आधी माणूस? पटकथेला बसण्यापूर्वी

ठाण्यात नौपाड्यातली एक चार मजली इमारत. बारा बिऱ्हाडं, जिन्यात बाराही महिने ओल. पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, म्हणजे बारांत सात. सहा सह्या झाल्यात. सातवी सुलभाताईंची, आणि त्या सही करत नाहीत.

माझ्या पटकथेची सुरुवात एवढ्यावरच झाली. पुढचं दीड वर्ष मी हीच गोष्ट तीन वेगवेगळ्या वाटांनी लिहून पाहिली. रविवारी सकाळी आम्ही लिहिणारी चार-पाच माणसं तलावपाळीच्या कट्ट्यावर जमतो. तिथे नवीन येणारा प्रत्येकजण पहिल्याच चहाला एकच विचारतो: आधी स्ट्रक्चर बसवू की आधी कॅरेक्टर? उत्तर घाईत दिलं की माणूस सहा महिने चुकीच्या टोकाला अडकतो. म्हणून तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवते. निवड तुमची. माझं मत मात्र मी लपवणार नाही.

पानांच्या हिशेबाची वाट

ही वाट सगळ्यात जास्त शिकवली जाते. पटकथालेखन शिकवणाऱ्या अमेरिकेच्या सिड फील्डने १९७९ साली पटकथेवरच्या पुस्तकात मांडलेला हिशेब आजही वर्गावर्गांत चालतो. पटकथा साधारण १२० पानांची आणि एक पान म्हणजे पडद्यावरचं अंदाजे एक मिनिट. पहिली ३० पानं मांडणी, मधली ६० संघर्ष, शेवटची ३० उकल. पहिला भाग संपता संपता गोष्टीला वळण देणारी घटना हवी आणि दुसरा भाग संपताना आणखी एक. आपल्याकडे त्यात मध्यंतराची भर पडते. लोक वडापाव घ्यायला उठतात तेव्हा त्यांच्या मनात एक प्रश्न असला पाहिजे, आणि तो कोणता हे लेखकाला आधी ठाऊक हवं.

मी भिंतीवर कार्डं लावली. दहाव्या पानावर बिल्डरचा माणूस येतो. पंचविसाव्यावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस. साठाव्यावर, म्हणजे मध्यंतराला, जिन्याचा सज्जा कोसळतो आणि शेजारचा मुलगा जखमी होतो. पंच्याऐंशीव्यावर सगळी इमारत सुलभाताईंशी बोलणं टाकते. शेवटी सही. वीस दिवसांत स्टेप आउटलाइन, म्हणजे सीनवार आराखडा, तयार झाली आणि कोणालाही दहा मिनिटांत ऐकवता येऊ लागली. या पद्धतीचं हे मोठं देणं आहे, ते मी मनापासून मानते. निर्मात्यासमोर बसलात की गोष्ट कुठून कुठे जाते ते सांगता येतं. कुठला सीन कशासाठी आहे याचं उत्तर तयार असतं. अर्ध्यावर सोडून दिलेल्या पटकथा ज्यांच्या कपाटात पडून आहेत, त्यांना ही शिस्त खरोखर तारून नेते.

मग कट्ट्यावर वाचन झालं आणि आमच्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, "सुलभाताईंच्या जागी तिसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर काका ठेवले तर कुठला सीन बदलेल?"

एकही बदलत नव्हता. नोटीस आली असती, सज्जा कोसळला असता, शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं असतं. सगळं बाईंवर येऊन आदळत होतं, बाईंमुळे काहीच घडत नव्हतं. त्या दिवसापासून ही अदलाबदलीची चाचणी मी प्रत्येक आराखड्याला लावते. मुख्य पात्र उचलून तिथे दुसरं बसवायचं. घटना जशाच्या तशा राहिल्या, तर आराखडा आणि माणूस यांचं अजून लग्न लागलेलं नाही.

माणसाच्या फाइलची वाट

दुसऱ्या वाटेवर आधी माणूस पुरता उभा करायचा आणि गोष्ट त्याच्यातून निघू द्यायची. नाट्यलेखन शिकवणारे लाजोस एग्री यांनी १९४६ च्या नाट्यलेखनावरच्या पुस्तकात पात्राच्या तीन बाजू लिहून काढायला सांगितल्या आहेत: शरीर, सामाजिक जागा आणि मन. उंची, आजार, शिक्षण, पैसा, घरातलं स्थान, भीती, महत्त्वाकांक्षा, सगळं. नाटक या माणसांच्या टकरीतून उभं राहतं, हा त्यांचा आग्रह.

सुलभाताईंची फाइल एकेचाळीस पानांची झाली. त्यांचं माहेर, नवऱ्याची वागळे इस्टेटमधली नोकरी, कारखाना बंद पडल्यावर सुरू केलेलं पोळीभाजी केंद्र, एकुलता मुलगा. बावीस वर्षं त्या सोसायटीच्या खजिनदार. मेंटेनन्सच्या पावत्यांचं पुस्तक त्यांच्याच घरी, देव्हाऱ्याखालच्या खणात. पावती लिहिताना त्या कार्बन नीट बसलाय का ते बोटाने दाबून बघतात, मग पेन टेकवतात. ही लकब मला फाइल लिहितानाच सापडली. पानांच्या हिशेबातून ती कधीच आली नसती.

या वाटेवर बाई मला इतक्या आवडू लागल्या की त्यांना त्रास देववेना. सीन लिहायला घेतले तर प्रत्येक सीन त्यांची ओळख करून देणारा. पहाटे कणीक मळतात, दुपारी हिशेब लिहितात, संध्याकाळी कोपिनेश्वराच्या देवळात जातात. संवाद जिवंत, घर खरं, आणि तीस पानं उलटली तरी काहीच सुरू झालेलं नाही. यात एग्रींचा दोष नाही. संघर्षावर त्यांचा भर आहेच. आपणच फाइलपाशी थांबतो, कारण फाइल लिहिण्यात सुख असतं आणि निवड करण्यात कष्ट.

तरीही त्याच फाइलमध्ये, सत्ताविसाव्या पानावर, मी सहज एक ओळ लिहून गेले होते. १९९८ च्या जूनमध्ये मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी बाईंनी सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून अठरा हजार रुपये कोणाला न सांगता उचलले. पुढे वर्षभर दर महिन्याला दीड हजार परत भरले. बारा पावत्या, बाराही 'किरकोळ जमा' म्हणून. पैसा परत गेला, पण कार्बनवरचं अक्षर त्यांचं आहे.

ही ओळ तिथे चार महिने नुसती पडून होती.

आपल्या घरातली तिसरी वाट

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, जे १८९३ पासून या शहराला वाचायला देतंय, एका दुपारी नाट्यशास्त्रावरचं विवेचन वाचत होते. कॉलेजात पाच संधींची, म्हणजे कथानकाच्या पाच सांध्यांची, नावं पाठ केली होती: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. तेव्हा तो पाच भागांचा साचा वाटला होता, तीन अंकांऐवजी पाच. पण नाट्यशास्त्र ज्यांच्या नावावर आहे ते भरतमुनी तेवढ्यावर थांबत नाहीत. ते पाच अवस्थाही सांगतात: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. या अवस्था मुळात गोष्टीच्या नाहीतच. काहीतरी मिळवायला निघालेल्या माणसाच्या धडपडीच्या आहेत. आधी ओढ लागते, मग हातपाय मारणं, मग मिळेलसं वाटतंय पण अडथळे आहेत, मग अडथळा सरला आणि खात्री झाली, शेवटी फळ.

यांच्या जोडीला पाच अर्थप्रकृती, म्हणजे कथानक ज्यातून घडतं ते घटक: बीज, बिंदू, पताका, प्रकरी, कार्य. सुरुवातीला लहानसं दिसणारं आणि पुढे पसरत जाणारं ते बीज. धागा तुटल्यासारखा झाला की त्याला पुन्हा जोडतो तो बिंदू. पताका म्हणजे लांब चालणारं उपकथानक, प्रकरी म्हणजे छोटं. कार्य म्हणजे शेवटी गाठायचं ते. दहाव्या शतकाच्या अखेरीस माळव्यात, परमार राजा मुंजाच्या दरबारी असलेला धनंजय 'दशरूपक' या नाट्यावरच्या ग्रंथात अवस्था आणि अर्थप्रकृती एकमेकांना बांधतो. पाच अर्थप्रकृती आणि पाच अवस्था यांच्या जोडणीतून क्रमाने पाच संधी निपजतात, असं तो सांगतो.

मी ते तीनदा वाचलं. गोष्टीचा माल एका बाजूला, माणसाची धडपड दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही जिथे जुळतात तिथे रचनेचा सांधा. आधी आराखडा की आधी माणूस हा झगडा तिथे उरतच नाही. कथानकाला पात्राच्या वर बसवणारा म्हणून ज्याचा दाखला दिला जातो तो ॲरिस्टॉटलही स्वभावाची खूण सांगताना निवडीकडे बोट दाखवतो: माणूस काय निवडतो, काय टाळतो, त्यावरून तो कळतो.

माझं म्हणणं यावरच उभं आहे. वळण म्हणून जी घटना तुम्ही पंचविसाव्या किंवा साठाव्या पानावर ठेवता, ती मुळात पात्राची निवड असली पाहिजे, आणि ती निवड दुसऱ्या कुणी तशी केली नसती, अशी असली पाहिजे.

या वाटेलाही मर्यादा आहे. ती गोष्ट फळापर्यंत नेण्यासाठी आखलेली आहे. नायक हरणार असेल, किंवा मिळालेलं फळ कडू निघणार असेल, तर शेवटच्या दोन अवस्था जशाच्या तशा लागू पडत नाहीत. तिथे तुम्हाला स्वतःची मोडतोड करावीच लागते.

घरी आल्यावर मी अठरा हजारांची ओळ कार्डावर लिहून भिंतीवर लावली आणि एकच घटना बदलली. बिल्डरच्या माणसाऐवजी दहाव्या पानावर सोसायटीची सभा. सभेत ठरतं की पुनर्विकासाआधी गेल्या तीस वर्षांचे सगळे हिशेब काढून तपासायचे. आता पुनर्विकासाचा घाव बरोबर देव्हाऱ्याखालच्या खणावर पडतो. बाई सही का करत नाहीत हे इमारतीला कळत नाही, प्रेक्षकाला कळतं. धोकादायक इमारतीची नोटीस गोष्टीबाहेर गेली. सज्जा अजूनही साठाव्या पानावरच कोसळतो, पण आता मध्यंतराला प्रश्न वेगळा आहे. शेजारचा मुलगा बाईंच्या सही न करण्यामुळे जखमी झाला, आणि त्याच्या उपचाराला दुरुस्ती निधीतून पैसे द्यायचे म्हणून सगळे पावतीपुस्तक मागायला त्यांच्या दारात उभे आहेत. पुस्तक द्यायचं की हरवलं म्हणायचं? पेन्शनर काका असते तर पुस्तक देऊन मोकळे झाले असते.

ज्यांचं नाव आमच्या कट्ट्यासमोरच्या रंगायतनाला आहे, त्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त हाच सांधा दिसतो. कोर्टातल्या खटक्यावरून नायक सुधाकराची वकिलीची सनद काही काळापुरती जाते. वकिलावर असा प्रसंग येऊ शकतो आणि एखादा तो गिळून घरी बसेल. सुधाकर बुद्धिमान आहे, मानी आहे, तापट आहे. अपमान त्याला सोसवत नाही, आणि नेमक्या त्या घटकेला दारुडा तळीराम प्याला पुढे करतो. प्याला कोणीही पुढे केला असता. तो उचलतो सुधाकर, म्हणून पुढचे अंक आहेत.

मग तुम्ही कुठून सुरुवात करावी

काय लिहिताय त्यावर बरंच ठरतं. स्पर्धेसाठी पाऊण तासाची एकांकिका असेल तर पानांच्या हिशेबात वेळ घालवू नका. एक जागा, दोन-तीन माणसं, एक निवड पुरते. लघुकथेचंही तेच.

रहस्यकथा असेल तर आराखडा आधी. धागेदोरे कधी, कुठे, कोणाच्या हाती लागायचे हे आगाऊ ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण एक करा. तपासाची गोष्ट आखण्याआधी गुन्हेगाराची गोष्ट सरळ क्रमाने लिहून काढा: त्याला काय हवं होतं, कुठे घाबरला, काय लपवलं. धागे तिथूनच सुटतात.

मालिका किंवा अनेक भागांची वेब सिरीज असेल तर फाइलच्या वाटेने जा आणि त्यात कंजुषी करू नका. एका आराखड्याचा दम लवकर संपतो. न सुटणारी आतली ओढाताण असलेला माणूस भागामागून भाग चालतो.

पूर्ण लांबीच्या चित्रपटाची पहिलीच पटकथा असेल, आणि कट्ट्यावर विचारणारे बहुतेक याच वर्गातले असतात, तर मी फाइलपासून सुरुवात करायला सांगेन, पण पंधरा दिवसांच्या मुदतीने. फाइलमध्ये दोनच गोष्टी शोधायच्या: या माणसाला काय हवंय, आणि कोणती एक गोष्ट तो उघड्यावर येऊ देणार नाही. त्या सापडल्या की अवस्थांच्या अंगाने पाच-सहा निवडी लिहून काढा. पानांचा हिशेब पहिला ड्राफ्ट होईपर्यंत बाजूला ठेवा. दुसऱ्या ड्राफ्टला तो बाहेर काढा, तेव्हा त्याच्याइतका चोख तपासनीस नाही. पहिली निवड पंचेचाळिसाव्या पानावर येत असेल तर ते तुम्हाला तिथे ढळढळीत दिसेल.

ज्यांचा ड्राफ्ट साठाव्या पानावर अडलाय त्यांनी नवीन घटना शोधू नये. मागे जाऊन पात्राने शेवटची निवड कुठे केली ते शोधावं. बहुतेकदा तिथून पुढे सगळं त्याच्या अंगावर नुसतं येऊन पडत असतं.

माझा चौथा ड्राफ्ट गेल्या आठवड्यात संपला. शेवटचा सीन पूर्वी सहीचा होता, अजूनही सहीचाच आहे. पुस्तक सभेत उघडलंय, बारा पावत्या सगळ्यांनी पाहिल्यात, कोणी बोलत नाही. सुलभाताई संमतीपत्र पुढे ओढतात. पर्समधून कार्बन काढून कागदाखाली घालतात, नीट बसलाय का ते बोटाने दाबून बघतात, आणि मग पेन टेकवतात.