दोन पायांच्या यानाचा माग: ‘स्टार फॉक्स २’ खेळल्यानंतर

लहानपणी वाचायला मिळालेल्या व्हिडिओ गेमच्या एका मासिकातले एक चित्र माझ्या डोक्यात कित्येक वर्षे ठाण मांडून बसले होते. रंगीत त्रिकोण एकमेकांना चिकटवून केल्यासारखे दिसणारे एक अवकाशयान एका चिंचोळ्या मार्गिकेत चक्क दोन पायांवर उभे होते. हा गेम आपण खेळलोही आहोत, असे मी छातीठोकपणे सांगत असे. नाव मात्र आठवत नव्हते.

पहिला संशय १९९३ च्या ‘स्टार फॉक्स’वर गेला. तो पुन्हा शेवटपर्यंत खेळलो. त्रिकोण तेच, यानाची ठेवणही तीच. पण ते यान जमिनीवर पाय टेकत नाही, कारण त्याला पायच नाहीत. सुगावा लागला तो दुसऱ्याच आठवणीतून. त्याच अंकात ‘अल्ट्रा ६४’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते, आणि निन्टेंडो या जपानी कंपनीचे निन्टेंडो ६४ हे गेम खेळण्याचे यंत्र बाजारात येण्यापूर्वी, १९९४-९५ च्या सुमारास, याच नावाने ओळखले जात होते. इंटरनेट अर्काइव्हवर त्या दोन वर्षांतली स्कॅन केलेली मासिके चाळत गेलो, तेव्हा आगामी गेमच्या एका पानावर ते दोन पायांचे यान सापडले: ‘स्टार फॉक्स २’. म्हणजे खेळलो होतो पहिला भाग, चित्र पाहिले होते दुसऱ्याचे, आणि स्मृतीने दोन्ही एकत्र शिवून टाकले होते.

लहानपणी हा दुसरा भाग खेळणे शक्यच नव्हते. आर्गोनॉट या ब्रिटिश कंपनीचे प्रोग्रामर आणि निन्टेंडो यांनी तो १९९५ मध्ये तयार करत आणला होता. परंतु प्लेस्टेशन आणि सॅटर्न या प्रतिस्पर्धी यंत्रांची त्रिमितीय दृश्ये समोर असताना आणि स्वतःचेच नवे यंत्र उंबरठ्यावर असताना निन्टेंडोने तो रद्द केला. ज्या ‘अल्ट्रा ६४’ने मला पत्ता दिला, त्यानेच याचा बळी घेतला होता. अधिकृतपणे तो थेट २९ सप्टेंबर २०१७ रोजी, सुपर एनईएस क्लासिक या, निन्टेंडोच्या जुन्या सुपर एनईएसची छोटेखानी आवृत्ती असलेल्या यंत्रातला २१ वा गेम म्हणून आला.

आता गेमविषयी. ज्या चालत्या यानासाठी एवढा खटाटोप केला, तोच याचा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे, हे कबूल करणे भाग आहे. सिलेक्टचे बटण दाबले की यानाला पाय फुटतात. मग शत्रूच्या तळात शिरून जमिनीवरची कळ पायाखाली दाबायची, दार उघडले की पुढे सरकायचे आणि शेवटी गाभा फोडायचा. दृश्य अडखळत सरकते आणि वळताना अंतराचा अंदाज चुकतो.

खरी गंमत आहे ती नकाशात, आणि ती कोणत्याही छापील चित्रात दिसणे शक्य नव्हते. खलनायक अँड्रॉसची क्षेपणास्त्रे आणि युद्धनौका आपण वाचवायच्या कोर्नेरिया ग्रहाच्या दिशेने येत असतात, आणि आपण कुठल्यातरी तळात कळा दाबत असतो तेव्हाही नकाशावरचे घड्याळ थांबत नाही. एकदा मी मोठ्या समाधानाने तळ उद्ध्वस्त करून बाहेर आलो, तर तेवढ्या वेळात दोन क्षेपणास्त्रे पोहोचलेली आणि कोर्नेरियाच्या हानीचा आकडा भराभर वर चढलेला. तो १०० टक्क्यांवर गेला की खेळ संपतो. त्यामुळे आधी तळ की आधी क्षेपणास्त्र, हा निर्णय प्रत्येक वेळी खरोखर टोचतो. सहा वैमानिकांमधून दोघांची निवड करायची असते, त्यांची यानेही सारखी नाहीत, त्यामुळे चुकीची जोडी घेतल्याचा पश्चात्ताप करायलाही वाव आहे.

सर्वांत सोपी पातळी तासाभराच्या आत संपते, आणि तेवढ्यावर थांबणाऱ्याला फसवणूक झाल्यासारखे वाटेल. वरच्या पातळीवर मात्र नकाशा इतका गजबजतो की पहिला डाव केवळ सराव होता असे वाटू लागते. क्लासिक यंत्रावर हा गेम उघडण्यासाठी आधी पहिल्या ‘स्टार फॉक्स’चा पहिला टप्पा पार करावा लागतो. ती अट मला तरी जाचक वाटली नाही. दोन्ही याने लागोपाठ पाहिली की माझ्या स्मृतीने टाका नेमका कुठे घातला होता, ते स्पष्ट दिसते.