ठाण्याच्या नौपाड्यातला जावा डिप्लॉयमेंटचा (ॲप सर्व्हरवर चढवून चालवायचा) रविवारचा क्लास, पैसे वसूल पण...

नाव टाकत नाहीये कारण खाली थोडी कटकट पण केलीये. नौपाड्यात आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं, चार रविवार, साडेतीन हजार. मी राहायला घणसोलीला, जावा येतं म्हणजे इक्लिप्समध्ये (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) रन दाबलं की चालतं इतपत, तीच वॉर फाइल (अख्खं ॲप बांधलेली एक फाइल) दुसऱ्या मशीनवर टाक म्हटलं की हातपाय गार.

पहिल्याच दिवशी सरांनी इक्लिप्स बंद करायला लावलं. टॉमकॅटची (जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर) झिप उघडा, स्टार्टअपवर डबल क्लिक करा. अर्ध्या बॅचची काळी खिडकी आली आणि गायब, सर आपले निवांत चहा पितायत. मग म्हणाले कमांड प्रॉम्प्टमधून कॅटलिना रन (टॉमकॅट सुरू करायची कमांड) द्या, म्हणजे ती बोलेल तरी. बोलली, जावा होम (मशीनवर जावा कुठे आहे तो पत्ता) सेट नाही म्हणून! आणि इक्लिप्स ॲप टॉमकॅटच्या वेबॅप्स फोल्डरमध्ये (जिथून टॉमकॅट ॲप उचलतो) ठेवतच नाही, स्वतःच्या वर्कस्पेसमध्ये मेटाडेटाच्या आत कुठेतरी ठेवून तिथूनच चालवतं, हे तिथे कळलं, मी इतके दिवस तो वेबॅप्स फोल्डर उघडून बघत बसायचो की माझं ॲप गेलं कुठे.

तिसऱ्या रविवारी माझा प्रोजेक्ट. वॉर वेबॅप्समध्ये टाकली, आपोआप उलगडली, होमपेज आलं, लॉगिन दाबलं तर 404, म्हणजे पानच सापडत नाही. लॉग (सर्व्हरची नोंदवही) एकदम स्वच्छ, एक एरर नाही. तासभर डोकं आपटलं पण सरांनी सांगितलं नाही, फक्त विचारलं टॉमकॅट कितवा. घरी 9, इथे 10. दहापासून कोडमधल्या जावाएक्स या नावाचं जकार्ता झालं ना, म्हणजे ओरॅकलने जावा ईई (जावाचा सर्व्हरवरच्या ॲप्ससाठीचा भाग) 2017 मध्ये इक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे द्यायचं ठरवलं पण जावाएक्स हे नाव पुढे वापरू दिलं नाही, म्हणून इंपोर्ट सगळे बदलले, आणि माझ्या सर्व्हलेटवरचं (ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणारा जावा कोड) जुनं ॲनोटेशन (कोडवरची खूण) नवा टॉमकॅट ओळखतच नव्हता. ओळखत नाही म्हणून तक्रार पण नाही, सरळ 404. वॉर वेबॅप्स-जावाईई नावाच्या फोल्डरमध्ये टाकली की टॉमकॅट स्वतः बदलून घेतो, तसं केलं आणि चाललं. नुसतं सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी विसरलो असतो.

आता कटकट. दहाची बॅच साडेदहाच्या आधी कधीच सुरू झाली नाही, आणि ट्रान्स हार्बर लोकलला मेगाब्लॉक असला की आमच्यासारख्यांचे हाल वेगळेच. एसी आहे, चालत नाही. नोट्सच्या झेरॉक्समध्ये अजून परमजेन (जावाच्या मेमरीचा जुना भाग) वाढवायची सेटिंग आहे, अहो ते जावा 8 मध्येच गेलं. आणि लिनक्सला शेवटचा जेमतेम एक तास, फाइल परमिशनचं नावच नाही, माझ्या ऑफिसात सगळे सर्व्हर लिनक्सचे, मग मी काय विंडोज घेऊन जाऊ?

तरी ज्याचं इक्लिप्समध्ये चालतं आणि बाहेर चालत नाही त्याने जरूर जा. अगदी फ्रेशर असाल तर आधी सर्व्हलेट जेएसपी (जावातून वेब पानं बनवणं) करून मगच, नाहीतर दुसऱ्या रविवारपासून नुसते बघत बसाल.

सर्टिफिकेटवर टॉमकॅटचं स्पेलिंग चुकलंय. बदलून देतो म्हणालेत, तीन आठवडे झाले.