सौर प्रकल्पाला जमीन दिली, आता कराचं काय? दीड वर्षानंतरचा अनुभव

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० (शेतीला सौर वीज पुरवण्याची राज्याची योजना) मध्ये आमची लातूर जिल्ह्यातली चार हेक्टर माळाची जमीन भाड्याने देऊन दीड वर्ष उलटलं. उरलेल्या काळ्या रानात सोयाबीन-तूर चालूच आहे. भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी ३ टक्के वाढ. हे सगळ्यांना पाठ असतं. कर कुणी, कशावर, किती भरायचा हे मात्र सहीच्या आधी कुणी समजावून सांगत नाही, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो.

‘जमीन शेतीची, म्हणजे भाडंही करमुक्त’ असं गावात छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसं नाही. जमीन शेतीसाठी वापरली जात असेल तरच तिचं भाडं प्राप्तिकरात शेतीचं उत्पन्न ठरतं. पॅनेलखाली गवत वाढलं, शेळ्या चरल्या, तरी वीज प्रकल्पाचं भाडं ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ म्हणूनच दाखवावं लागतं. केंद्राच्या कुसुम या सौर योजनेच्या अ घटकात लागवडीच्या जमिनीवर उंच खांबांवर पॅनेल बसवून खाली पीक घेता येतं. तिथेही पिकाचा पैसा शेतीचा आणि विजेचा पैसा व्यवसायाचा, असे दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात.

आम्हाला खरा मनस्ताप झाला तो टीडीएसचा, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायच्या कराचा. सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं आहेत. २०२४-२५ मध्ये जमिनीच्या भाड्यावर कपातीची मर्यादा वर्षाला २ लाख ४० हजार होती. पाच लाखांचे तीन हिस्से केले तर प्रत्येकी एक लाख सदुसष्ट हजारांच्या आत, म्हणजे कपात व्हायलाच नको होती. भाडं देणाऱ्या कंपनीने सगळं भाडं आईच्या एकाच पॅनवर टाकलं आणि १० टक्क्यांनी ५० हजार कापले. वर कपातीचं प्रमाणपत्र द्यायला इतका वेळ लावला की भाऊ कामधंदा सोडून त्यांच्या ऑफिसात जाऊन बसला. आईने आयुष्यात कधी विवरणपत्र भरलं नव्हतं, तिला या वयात ओटीपीच्या मागे धावावं लागलं. याचा राग अजून गेलेला नाही.

परतावा मिळाला. नव्या कररचनेत त्या वर्षी ७ लाखांपर्यंत सूट होती, त्यामुळे सगळं भाडं एकट्या आईचं धरलं असतं तरी कर शून्यच निघाला असता. इथे एक गोष्ट नीट पाहा: शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर आयटीआर-१ हा विवरणपत्राचा सगळ्यात साधा फॉर्म चालत नाही. आमचं आयटीआर-२ मध्ये भरावं लागलं. घरात कुणाला पगार असेल तर आणखी काळजी घ्या. इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर गेलं की शेतीचं उत्पन्न करमुक्त राहूनही कराचा दर ठरवताना मोजलं जातं.

दुसऱ्या वर्षी आम्ही तिघांचे हिस्से, पॅन आणि बँक खाती पुरवणी करारात लिहून घेतली. आईचा १५एच (ज्येष्ठांसाठीचा) आणि आम्हा दोघांचे १५जी, म्हणजे ‘कर बसत नाही, कपात करू नका’ असं लिहून देण्याचे फॉर्म, पैसे यायच्या आधीच देऊन पोच घेतली. भाडं ५ लाख १५ हजार झालं होतं, ते तीन खात्यांत पूर्ण जमा झालं.

पीएम-किसानची भीतीही पुष्कळांना असते. आधीच्या वर्षी प्राप्तिकर भरलेल्याला ते वर्षाचे ६ हजार मिळत नाहीत, हे खरं. पण विवरणपत्र भरणं म्हणजे कर भरणं नव्हे. उरलेलं रान पिकाखाली आहे, ई-पीक पाहणीत नोंदतो तेही तेवढंच.

जमिनीवर बसणाऱ्या कराबाबत आमच्या करारातलं एक कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं: अकृषिक आकारणी (बिगरशेती वापरावरचा सारा), ग्रामपंचायतीचा कर किंवा पुढे येणारा कुठलाही कर प्रकल्पापायी लागला तर तो भाडेकरूने भरायचा. हे तोंडी आश्वासनावर सोडू नका. असा करार नोंदणीकृतच असतो, तेव्हा नोंदणीच्या मसुद्यातच ते यायला हवं. वकिलाला वेगळी फी देऊन आम्ही ते घालून घेतलं. माळाच्या जमिनीसाठी हा व्यवहार मी पुन्हा करेन. काळं रान मात्र देणार नाही.