मूळव्याधीवरच्या डायोस्मिन-हेस्पेरिडिन गोळ्या : काही महिने वापरल्यावर

मूळव्याध उसळली की धड बसवतही नाही आणि कुणाला सांगवतही नाही. डॉक्टरांनी तपासून आतली, दुसऱ्या टप्प्याची मूळव्याध असल्याचं सांगितलं आणि डायोस्मिन ४५० मिलिग्रॅम अधिक हेस्पेरिडिन ५० मिलिग्रॅम अशी गोळी लिहून दिली. त्याला आता बरेच महिने झाले. मधल्या काळात दुखणं पुन्हा उसळलंही, त्यामुळे गोळी काय करते आणि काय करत नाही, ते दोन्ही नीट पाहायला मिळालं.

आधी डोस, कारण गोंधळ तिथेच होतो. त्रास तीव्र असताना पहिले ४ दिवस रोज ६ गोळ्या, पुढचे ३ दिवस रोज ४, मग डॉक्टर सांगतील तोवर रोज २. सहाचा आकडा पाहून घरच्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली! पण सुरुवातीचा जोर याच डोसाचा असतो. १००० मिलिग्रॅमची गोळी मिळाली तर संख्या निम्मी होते, म्हणून पाकिटावरचा आकडा बघूनच घ्या. गोळी चांगलीच मोठी आहे, घोटभर पाण्याने उतरत नाही. जेवणाबरोबर घेतली तर ठीक. रिकाम्या पोटी मला मळमळायचं. पहिल्या दिवसांत पोट जरा ढिलं झालं, पण या दुखण्यात त्याची तक्रार कोण करणार?

सगळ्यात आधी फरक पडला तो रक्तात. भांड्यात टपटप पडणारं रक्त आधी कागदावरच्या पुसट डागापर्यंत आलं, मग तेही थांबलं. चिकट स्राव आणि खाजही कमी झाली. शिरांच्या भिंती आवळल्या जातात, बारीक रक्तवाहिन्यांतून पाझरणं कमी होतं, म्हणून सूज ओसरते. ठणक्याच्या बाबतीत मात्र मी गोळीला फारसे गुण देणार नाही. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याचा (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) निष्कर्षही असाच आहे: शिरा आवळणाऱ्या या गटातल्या औषधांनी रक्तस्राव, खाज आणि स्रावात फायदा दिसला, वेदनेत ठोस फरक दिसला नाही. ठणका उतरायचा तो टबातल्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसल्यावर.

आणि मूळव्याधीचा कोंब या गोळीने जात नाही. बद्धकोष्ठता तशीच राहिली, रोज कुंथावं लागलं, तर गोळ्या चालू असतानाही त्रास डोकं वर काढतो. एरवीचे महिने मी इसबगोल आणि भरपूर पाण्यावरच सांभाळले. गोळी फक्त उसळीपुरती.

रक्त पहिल्यांदाच दिसलं असेल तर गोळीच्या आधी तपासणी हवी, कारण आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडतं. आणि बाहेर अचानक निळसर, टणक, भयंकर दुखणारी गाठ आली तर गोळीचा गुण येण्याची वाट पाहू नका. ती बहुधा गोठलेल्या रक्ताची असते. ती काढायची झालीच तर पहिल्या ७२ तासांत काढण्याचा फायदा जास्त, म्हणून थेट सर्जनला दाखवा.