एकाच होस्टिंगवर घरातले चार ब्लॉग : वर्षभर वापरल्यावरचा अनुभव

किती जीबी जागा मिळते हे बघून होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवरची भाड्याची जागा) घेणार असाल तर थांबा. वर्ष होऊन गेलं, आमची जागा निम्मीसुद्धा भरलेली नाही आणि तरी अकाउंट मधेमधे अडकतच होतं. जाहिरातीत असतं 'अनलिमिटेड वेबसाइट्स', आणि ते खोटं नाही, साइट कितीही टाका कोणी अडवत नाही, पण त्या सगळ्या मिळून काय काय वाटून घेणार ते जाहिरातीत नसतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण स्वस्तातल्या बहुतेक शेअर्ड प्लॅनचं (एकच सर्व्हर अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला) गणित थोड्याफार फरकाने असंच असतं.

तर सेटप असा : माझा भटकंतीचा ब्लॉग, वहिनीचा रेसिपीचा, बाबांचे जुने लेख, आणि मावसभावाचं मोबाईल रिव्ह्यूचं काहीतरी. चार डोमेन (साइटचे पत्ते), एक सीपॅनल (होस्टिंग अकाउंट सांभाळायचं पान), सगळीकडे वर्डप्रेस (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर). आधी आम्ही ब्लॉगस्पॉटवर होतो. तिथे एका खात्यात शंभर ब्लॉग चालतात आणि एक पैसा लागत नाही, त्यामुळे ज्याला नुसतं लिहायचंय त्याला मी आजही तेच सांगेन. वहिनीला रेसिपी कार्ड, सर्च, कॅटेगरी वगैरे नीट पाहिजे होतं आणि बाबांना स्वतःच्या नावाच्या डोमेनचा ईमेल पाहिजे होता (निवृत्त माणसाची हौस, दुसरं काय), म्हणून हललो.

पहिला प्रश्न असतो, मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसमध्ये सगळे ब्लॉग) करायचं की प्रत्येकाचं वर्डप्रेस वेगळं टाकायचं. मल्टिसाइट २०१० मध्ये वर्डप्रेस ३.० सोबत मेन सॉफ्टवेअरमध्येच आलं, त्याआधी ते वर्डप्रेस एमयू म्हणून वेगळं मिळायचं. त्यात फाइली एकदाच, अपडेट एकदाच, लॉगिनचं टेबल सगळ्यांना मिळून एक. ऐकायला झकास. पण प्लगिन (वर्डप्रेसला जास्तीची सोय जोडणारा तुकडा) टाकायचा हक्क फक्त सुपर ॲडमिनला, म्हणजे सगळ्याचा चालक म्हणून मला; वहिनीला साधं काही टाकून बघायचं असेल तरी मला फोन, आणि उद्या एखाद्याला आपला ब्लॉग उचलून दुसरीकडे न्यायचा असेल तर डेटाबेसमधून त्याची टेबलं सोडवत बसा. एकाच माणसाचे, एकाच थीमचे (साइटच्या रूपाचे) पाच-सहा ब्लॉग असतील तर मल्टिसाइट बेस्ट. घरातल्या चार डोक्यांसाठी अजिबात नाही. आम्ही सॉफ्टॅक्युलसमधून (सीपॅनलमधलं इन्स्टॉल करायचं साधन) चार वेगळी इन्स्टॉल टाकली, प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा. एक बघा, जास्तीच्या डोमेनचं फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या (मेन साइटच्या फोल्डरच्या) आत येऊ देऊ नका, बाहेर ठेवा. आत ठेवलं की तीच साइट मेन डोमेनच्या पोटात फोल्डर म्हणूनही उघडायला लागते.

आता खरा मुद्दा, आयनोड. म्हणजे अकाउंटमधल्या एकूण फाइली आणि फोल्डर मोजायचे, साइज कितीही असो. एका कोऱ्या वर्डप्रेसमध्येच तीन हजारांच्या वर फाइली असतात, ते चारदा. त्यात फोनवरून काढलेला मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या लहानमोठ्या कॉप्या करून ठेवतं (आकडे पिक्सेलचे) : १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८, वरून २५६० ची एक स्केल केलेली आणि ओरिजिनल तर असतेच. एका फोटोच्या आठ फाइली! वहिनी पुरणपोळीच्या एका पोस्टला दहा स्टेपचे दहा फोटो टाकते, झाल्या ८०, आणि थीमचे स्वतःचे साइज असले तर त्याहून जास्त. कॅशच्या (तयार करून ठेवलेल्या पानांच्या) फाइली वेगळ्याच. पण सगळ्यात कहर म्हणजे बाबांचा ईमेल. सीपॅनलवर प्रत्येक मेल ही एक स्वतंत्र फाइल असते आणि बाबा आलेलं काहीही डिलीट करत नाहीत, शेअर ब्रोकरपासून सहल कंपनीपर्यंत सगळ्यांचे मेल जपून ठेवतात. कंपनीचा 'आयनोड ८० टक्के भरले' असा मेल आला तेव्हा शोधलं तर वहिनीच्या फोटोंच्या खालोखाल नंबर बाबांच्या इनबॉक्सचा. न लागणारे इमेज साइज बंद केले, बाबांचे मेल दुसऱ्या मेलखात्यावर फॉरवर्ड लावून सर्व्हरवरचे साफ केले, मग निवांत.

दुसरी गोष्ट एंट्री प्रोसेस. एका क्षणाला तुमच्या अकाउंटवर किती पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) रिक्वेस्ट चालू असू शकतात त्याची मर्यादा, आणि ती साइटला नाही, पूर्ण अकाउंटला असते. आमच्या प्लॅनला २० आहे. वीस म्हणजे वीस वाचक असं नाही, पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल तर सेकंदाला चाळीस पानं निघतात, एरवी भरपूर. पण गणपतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळा महाराष्ट्र उकडीचे मोदक शोधत असतो! वहिनीच्या पोस्टवर झुंबड उडाली, वीस प्रोसेस भरल्या, आणि चारही साइटवर ५०८ रिसोर्स लिमिट रीच्ड. चाळीच्या टाकीसारखं आहे हे, तळमजल्यावर कोणी नळ मोकळा सोडला की वरच्यांच्या बादल्या कोरड्या. बाबांनी विचारलं, "काय गं, आज आपला पेपर बंद आहे का?" त्यांच्या साइटला दिवसाला जेमतेम पन्नास वाचक, तीसुद्धा बंद.

यावर उपाय मात्र फुकटातला निघाला. सर्व्हर लाइटस्पीड नावाच्या सॉफ्टवेअरवरचा असेल तर लाइटस्पीड कॅश हे प्लगिन टाका, फुकट आहे. तयार पान कॅशमधून गेलं की पीएचपी चालतच नाही, त्यामुळे एंट्री प्रोसेस खर्ची पडत नाही. त्याशिवाय वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन असतं, ते कोणी साइट उघडली की त्या निमित्ताने वेळापत्रकातली कामं उरकून घेतं, म्हणजे चार साइट, चार ठिकाणी हा उद्योग, आणि तोही नेमका गर्दीच्या वेळी. ते डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये (साइटच्या सेटिंगच्या फाइलीत) बंद करून सीपॅनलच्या क्रॉनमधून लावलं, एका साइटचं तासाच्या ५ व्या मिनिटाला, दुसरीचं २० व्या, मग ३५, मग ५०. एकमेकांच्या पायात येत नाहीत. आणि एक्सएमएलआरपीसी (बाहेरच्या ॲपनी वर्डप्रेसशी बोलायचा जुना रस्ता) वापरत नसाल तर बंद करा, त्यावर दिवसभर बॉट पासवर्ड घासत बसलेले असतात आणि तो भार तुमच्याच वीसमधून जातो. एवढं केल्यावर दिवाळीच्या फराळाचा आठवडा विनातक्रार गेला, चकली फसली का याचं उत्तर शोधणारे गणपतीपेक्षा जास्त आले तरी.

जाता जाता मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक. पोस्टच्या टायटलवरून वर्डप्रेस जी लिंक बनवतं तिला २०० कॅरेक्टरची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एक अक्षर लिंकमध्ये नऊ कॅरेक्टर खातं, मात्रा-वेलांट्यासुद्धा वेगळ्या मोजतात. म्हणजे २२ अक्षरांत खेळ खलास. 'उकडीचे मोदक करण्याची सोपी पद्धत' याची लिंक 'सोप' वर येऊन तुटते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्क्यांची चिन्हं असलेली लांबच लांब शेपटी दिसते ती वेगळीच. वहिनी आता लिंक हाताने रोमनमध्ये लिहिते, दोन-तीन शब्दांत. जुन्या पोस्टच्या लिंका बदलत बसू नका, लोकांनी शेअर केलेल्या असतात.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. एका सीपॅनलमधल्या सगळ्या साइट सर्व्हरच्या दृष्टीने एकाच युजरच्या असतात. डेटाबेस वेगळे, पासवर्ड वेगळे, तरी एका साइटमध्ये घुसलेला कोड शेजारच्या साइटची डब्ल्यूपी-कॉन्फिग आरामात वाचू शकतो, आणि तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. मावसभावाने कुठल्यातरी साइटवरून पैशाची थीम फुकटात उतरवली. काही दिवसांनी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (गूगलला साइटची कुठली पानं दिसतात ते सांगणारं साधन) बाबांच्या साइटखाली जपानी भाषेतली शेकडो पानं दिसायला लागली, ब्रँडेड बॅगा आणि घड्याळं विकणारी! बाबांचे लेख पाणीटंचाईवर. कंपनीने चारही साइटसकट पूर्ण अकाउंट सस्पेंड केलं, आणि सपोर्टवाला चॅटवर एकच वाक्य परत परत चिकटवत होता, स्वच्छ करा मग चालू करतो. अहो पण चालू केल्याशिवाय स्वच्छ कसं करू? शेवटी फक्त माझ्या आयपीला (माझ्या इंटरनेटच्या पत्त्याला) ॲक्सेस मिळाला.

साफ करताना नुसती थीम उडवून भागत नाही. चारही ठिकाणी वर्डप्रेसच्या मूळ फाइली नव्याने टाकल्या, प्लगिन ताजे उतरवले, अपलोड्सच्या फोल्डरमधल्या पीएचपी फाइली शोधल्या (तिथे फोटो असतात, पीएचपीचं काय काम), एचटी-ॲक्सेस (सर्व्हरचे नियम लिहिलेल्या फाइली) तपासल्या, अनोळखी ॲडमिन युजर काढले, डेटाबेसचे पासवर्ड आणि कॉन्फिगमधल्या सिक्युरिटी की बदलल्या, आणि सीपॅनलचं क्रॉनसुद्धा बघितलं, कारण तिथे एक ओळ बसली होती जी पुसलेली फाइल पुन्हा आणून ठेवायची. एक साइट जरी घाणेरडी राहिली तरी बाकीच्या तिघी परत खराब होतात, म्हणून सगळं एका बैठकीत करावं लागतं. मावसभाऊ आता स्वतःच्या होस्टिंगवर आहे. प्रेमाने सांगितलं, पण सांगितलं.

बॅकअपचं थोडक्यात : सॉफ्टॅक्युलसचा बॅकअप नेहमीच्या सेटिंगला त्याच अकाउंटमध्ये साठतो, म्हणजे अकाउंट सस्पेंड झालं की बॅकअपही कुलपात, आणि जागा खातो ती आपलीच. आमचा अपड्राफ्टप्लस या प्लगिनमधून ज्याच्या त्याच्या गूगल ड्राइव्हवर जातो, फुकटच्या व्हर्जनमध्ये होतं हे. ड्राइव्हवर १५ जीबी फुकट असतात पण त्यात जीमेल आणि फोटोही धरतात, तेव्हा जुने बॅकअप किती ठेवायचे तो आकडा कमी ठेवा.

पैशांचं म्हणाल तर पहिला भाव हा फक्त दाखवायचा असतो. तोसुद्धा दोन-तीन वर्षांचे एकदम भरले तर. रिन्यूअलला रक्कम दुप्पट-तिप्पट दिसते, वर १८ टक्के जीएसटी. घेतानाच रिन्यूअलचा भाव कुठे बारीक अक्षरात लिहिलाय तो शोधा, आणि चॅटवर तीन प्रश्न विचारा : आयनोड किती, एंट्री प्रोसेस किती, पीएचपीचं व्हर्जन साइटनुसार वेगळं ठेवता येतं की पूर्ण अकाउंटला एकच. तिसरा यासाठी की काही ठिकाणी व्हर्जन निवडायचा सिलेक्टर अकाउंटला एकच असतो, आणि माझी जुनी थीम पीएचपी ८ वर कोलमडायची तर वहिनीच्या प्लगिनला ८ च हवं होतं. थीम बदलली मी, वहिनीशी कोण भांडणार.

माझं मत विचाराल तर पाचपैकी साडेतीन. एकट्याचे दोन-तीन ब्लॉग असतील तर बिनधास्त एका अकाउंटवर ठेवा. दुसऱ्यांचे सांभाळत असाल तर रिसेलर प्लॅन बघा, त्यात प्रत्येकाला स्वतंत्र सीपॅनल मिळतं, आयनोड वेगळे, युजर वेगळा, एकाचा आजार दुसऱ्याला सहसा लागत नाही. थोडा महाग पडतो, पण तिघांत वाटला तर फार नाही. आमचं रिन्यूअल आलंय तेव्हा त्यावरच जातोय, आणि बाबांची साइट सगळ्यात आधी हलवणार.