अ‍ॅडो हत्ती राष्ट्रीय उद्यान: शेणकिड्यासाठी गाडी थांबवावी, असे ठिकाण

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातल्या या उद्यानात लोक जातात ते हत्तींसाठी, आणि ते रास्तच आहे, कारण १९३१ साली उद्यान स्थापन झाले तेव्हा त्या भागात जेमतेम ११ हत्ती उरले होते आणि आज त्यांची संख्या ६०० च्या पुढे गेली आहे. मी मात्र हे परीक्षण लिहीत आहे ते तिथल्या शेणकिड्यासाठी.

स्वतः गाडी चालवत फिरण्याची इथली सोय उत्तम आहे. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने असल्यामुळे बुजल्यासारखे होत नाही. रस्त्याकडेला पाट्या आहेत: लिदीवरून गाडी नेऊ नका, शेणकिड्यांना आधी जाऊ द्या. ही सूचना अगदी मनापासून पाळावी, कारण इथला सर्कीलियम बॅकस हा शेणकिडा उडू शकत नाही. त्याचे पाठीवरचे कठीण पंख एकमेकांना जुळलेले असतात, आणि त्यांच्याखालच्या हवेच्या पोकळीमुळे श्वसनावाटे शरीरातले पाणी कमी खर्च होते. एके काळी दक्षिण आफ्रिकेत बराच दूरवर पसरलेला हा कीटक आता मुख्यतः या परिसरातल्या स्पेकबूमच्या दाट झुडपी रानात आणि इतर मोजक्या ठिकाणी टिकून आहे.

दुपारी ऊन तापल्यावर आम्हाला एक जोडी दिसली. मादी डोके खाली घालून मागच्या पायांनी लिंबाएवढा गोळा ढकलत होती आणि तिच्यामागून नर चालला होता. अंगाचा रंग काळा, पण चकाकी नसलेला. पाठ घुमटासारखी गोल. लांबी अंदाजे चार सेंटिमीटर. डांबराच्या कडेला गोळा अडकला, तेव्हा मादी त्याच्याभोवती फिरून दुसऱ्या बाजूने पुन्हा जोर लावू लागली. रस्ता ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला आणि मागच्या दोन गाड्याही मुकाट्याने थांबून राहिल्या.

आमच्या सहल कंपनीने उद्यानासाठी अर्धाच दिवस ठेवला होता, ही मोठी चूक. पूर्ण दिवस हाताशी ठेवावा आणि जवळच्या वस्तूवरही स्थिरावणारी दुर्बीण सोबत न्यावी, कारण नेमून दिलेल्या जागा सोडल्यास गाडीतून उतरता येत नाही आणि खिडकीतून किड्याचे पाय नीट दिसत नाहीत.